अंतराळयान झालेली बादली

"अहो कप्तान, ब्रेक दाबा, पुढे शनीची कडी आली!" यानातल्या घाबरट स्वयंपाक्याचा तो आवाज अजून माझ्या पोटात घुमतो. मित्रांनो, मी एक जुनी, पोचे पडलेली जस्ताची बादली आहे. हसा खुशाल. पण ज्या यानाच्या फजितीवर तीन पिढ्या हसल्या, ते यान म्हणजे मीच.

रेडिओ केंद्रात मला फरशी पुसायला आणले होते. नाटकांना पाऊस, दारे, घोड्यांच्या टापा पुरवणारे आवाजकाका मोठे अबोल. त्यांनी एकदा अंतराळातल्या एका विनोदी नाटकासाठी माझ्यात मूठभर वाटाणे टाकले, मला माइकसमोर गरगर फिरवले आणि यान उडाले! त्यातली मंडळी मंगळावर जाऊनही नळाच्या पाळीवरून भांडत. ग्रह परका, भांडण घरचे. म्हणून तर ते नाटक लोकांच्या कानांत मुरले.

पत्रे येऊ लागली, हा आवाज कुठल्या यंत्राचा? बादली म्हणायची निर्मात्यांना लाज वाटली. त्यांनी ठोकून दिले, खास परदेशी यंत्राचा. काकांना बजावले, ब्र काढलात तर घरी बसाल. काका गप्प बसले. शाबासकी यंत्राला आणि ओले फडके माझ्यात! हा कुठला न्याय?

परवा नाटक पुन्हा लागले. आजची पोरेही पोट धरून हसली. केंद्राने प्रदर्शन मांडले. नव्या साहेबांनी त्या पत्रांना दिलेली जुनी उत्तरे वाचून कोठीतले कुठलेसे यंत्र घासूनपुसून काचेत ठेवले. जन्मात हूं की चूं न केलेले ते धूड! आणि मी दाराशी, भंगाराच्या ढिगात. मित्रांनो, जुनी वस्तू फेकण्याआधी तिने काय केले, एवढे तरी विचारत जा.

पाहुणे म्हणून काका आले, नातीचा हात धरून. साहेब कौतुकाने म्हणाले, "काका, हे तुमचं यंत्र."

"आजोबा, वाजवून दाखवा ना," नात म्हणाली.

काका काचेकडे वळले. भंगारवाल्याने तेवढ्यात मला उचलले. काकांनी मला त्याच्या हातून ओढून घेतले, खिशातली औषधाच्या गोळ्यांची बाटली माझ्यात रिकामी केली आणि मला गरगर फिरवले. दालनभर यान घोंगावले. सगळे जागच्या जागी थबकले.

"यंत्र कधी नव्हतंच," काका म्हणाले. "ही बादली होती, आणि फिरवणारा मी. चाळीस वर्षं भीतीपोटी बोललो नाही."