ओठ न जुळलेलं गाणं

सुहास हेरेकर सरांना अर्थ न सापडलेली गोष्ट बेळगावात अजून घडायची होती. सिनेमात पंखा बंद दिसला की नायिकेचा काळ थांबलाय, असं ते सांगत. लाईट गेली असेल, अशी शंका त्यांच्या रविवारच्या मंडळातल्या हरिभाऊंनी एकदा काढली, तर पुढचे दोन रविवार त्यांच्यापर्यंत चहाच पोचला नाही. मराठीचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झाल्यावर सरांनी आस्वाद मंडळ काढलं होतं. तिथं कविता, सिनेमे आणि, तरुण पिढी यावी म्हणून, गाण्यांचे व्हिडिओसुद्धा उलगडले जात. तरुण पिढी आली नाही. मंडळाचं सरासरी वय अडुसष्टवर स्थिर होतं.

तरुण म्हणावी अशी एकच श्रोती होती, सरांची मुलगी स्वराली. तीन वर्षांपूर्वी आई गेल्यावर तिनं बारा ओळींची एक कविता लिहून सरांच्या टेबलावर ठेवली. आईचा मसाल्याचा डबा आणि त्याचा न जाणारा वास, एवढंच तीत होतं. सर इतके हलले, की पुढच्या रविवारी त्यांनी मंडळात तीवर पावणेदोन तास घेतले. आई म्हणजे इथं मातृभाषा, डबा म्हणजे सीमाभाग, हे त्यांनी सिद्ध केलं. टाळ्या पडल्या. घरी जाताना स्वराली म्हणाली, "बाबा, मी आईबद्दल लिहिलं होतं." सर म्हणाले, कवीला स्वतःला पुष्कळदा कळत नाही.

महिन्याभरात तिनं बेंगळूरला नोकरी धरली. आधी दिवाळीला फोन यायचा, मग तोही राहिला. सरांचा हात रोज फोनकडं जायचा. पण तिकडून काही खूण आल्याशिवाय करायचा कसा, हा प्रश्न त्यांना सुटत नव्हता.

खूण आली ती हरिभाऊंच्या व्हॉट्सॲपवरून. निपाणीत कुणीतरी केलेला मराठी गाण्याचा व्हिडिओ, आणि खाली, "सर, ही आपली स्वराली न्हवं?"

तीच होती. तंबाखूच्या वखारीत पोत्यांमधून चालत होती. सरांनी तो व्हिडिओ चाळीस वेळा पाहिला आणि वहीत टिपणं काढली. गाणं 'परत ये' म्हणतंय, पण तिचे ओठ जुळत नाहीत, म्हणजे तिचे शब्द तिच्याजवळ राहिलेले नाहीत. नजर सारखी डावीकडं, म्हणजे भूतकाळाकडं. शेवटी डोळ्यांत पाणी. पोरगी हाक मारतेय, यात सरांना शंका उरली नाही.

पुढच्या रविवारी मंडळ पहिल्यांदाच रद्द झालं. सर निपाणीच्या बसमध्ये होते.

व्हिडिओ करणारा भीमरत्न स्टँडमागं फोटो स्टुडिओ चालवत होता, आणि बीएला सरांचाच विद्यार्थी होता. त्यानं पाया पडून खुर्ची दिली, चहा मागवला. सरांनी वही उघडली.

"ओठ न्हाईत जुळत सर, कारण ती कन्नड गाणं म्हणतीया," भीमरत्न म्हणाला. "शूटिंग एकदाच आणि गाणी दोन. त्यावरच मराठी चढवलं. आमच्या सीमेवर असंच करावं लागतंय."

"आणि डावीकडं काय बघते?"

"तिथं मी हुबा होतो की. ओळी लिहिलेला कागद धरून."

"पण रडते ती."

"तंबाखूची वखार हाय सर. मी बी रडत होतो."

सर एकेक टिपण खोडत गेले. पान संपल्यावर त्यांनी वहीत नसलेला प्रश्न विचारला. "माझ्याबद्दल काही बोलली?"

भीमरत्ननं चहाकडं पाहिलं. "न्हाय सर."

उत्तरात पदरचं काही न घालण्याची त्याची सवय कॉलेजपासूनची. स्वराली दोन दिवस निपाणीत होती. बेंगळूरची गाडी बेळगावात थांबूनच पुढं येते. हे दोघांनाही ठाऊक होतं.

सरांनी वही मिटली. आता हाताशी एकही खूण नव्हती. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि नंबर लावला.

"बाबा? काय झालं?"

"काही झालं नाही. तुझी आठवण येते गं. तीन वर्षं येतेय."

पलीकडं कुणीतरी ढोलकीवर थाप देत होतं. ती बोलेना. कवितेतल्या अशा शांततेवर सरांचे दोन लेख छापून आले होते. आता मात्र त्यांना नुसती भीती वाटत होती.

"ती कविता आईवरच होती," ते म्हणाले. "मला तेव्हाच कळायला हवं होतं."

ढोलकी थांबली. "मी गाण्याच्या तालमीत आहे," स्वराली म्हणाली. आवाज जड होता, की लाईन खराब होती, सरांना सांगता आलं नसतं. "सातला करते मी. उचला."

साडेबारा वाजले होते. भीमरत्न म्हणाला, बेळगावची गाडी लागलीया सर, तीनपर्यंत घरात असशीला. सर म्हणाले, वाटेत तवंदी घाट आहे, रेंज गेली तर? घाट पंधरा मिनिटांचा, फोन सातला यायचा, असा हिशेब त्यानं नम्रपणे मांडला.

"लवकर केला तर?" सर म्हणाले.

भीमरत्न त्यांना घरी जेवायला घेऊन गेला. सरांनी फोन ताटाशेजारी ठेवला आणि सातपर्यंतच्या सगळ्या गाड्या सोडल्या.