भज्जीत मीठ कमी

येळवशीला, म्हणजे आमच्याकडच्या वेळा अमावास्येला, अख्खं बेंबळी गाव शेतात जेवतं. जेवणात मान भज्जीचा. ती तळलेली नव्हे. सगळ्या शेंगा-भाज्यांना बेसन लावून शिजवलेली. लग्न होऊन मला सव्वीस वर्षं झाली आणि दर येळवशीला माझ्या हातची भज्जी खाऊन सासूबाईंनी एकच निकाल दिला, "मीठ कमी." एका वर्षी मी मुद्दाम दुप्पट मीठ घातलं. तरी तेच! मला त्यांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, "चांगली झाली" ऐकायचं होतं. आता तर घाई होती, कारण सासूबाई, सिद्धम्मा त्यांचं नाव, सगळं विसरत चालल्या होत्या.

डॉक्टरांनी त्यांच्या मेंदूचा फोटो दाखवला. नवं साठवणारा भाग आक्रसतोय, म्हणून सकाळचं दुपारी राहत नाही. जुनं मात्र अजून शाबूत आहे.

"आक्रसलाय तर पाणी जास्त पाजू का?" माझ्या नवऱ्यानं, सिद्धारामनं विचारलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

मेंदूत कसला तरी चिकट गाळ साठतो म्हणे, पण तो रोगाचं कारण की नुसती खूण, यावर शास्त्रज्ञांचंच अजून जमत नाही. आठवणीला भोक पडलं की मेंदू तिथं ठिगळ लावतो. बटवा कुठं ठेवला ते आठवत नाही, मग तो कुणीतरी चोरला. आमच्या घरी ते ठिगळ नेमकं माझ्या नावाचं निघालं.

यंदा शेतात कडब्याच्या खोपीपाशी मी त्यांना वाढलं. त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं.

"निलव्वा, कवा आलीस गं?"

निलव्वा म्हणजे त्यांची माकणीची, माहेरची मैत्रीण. चुका दुरुस्त करत बसू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शिवाय सासूला अगं-तुगं करायची संधी मला पुन्हा कुठली मिळायला!

"आत्ताच आले. तू जेव की."

"माजी सून चोरटी हाय बघ. बटवा नेला माजा."

"व्हय का? लई वंगाळ," मी म्हणाले. बटवा त्यांच्या कमरेलाच होता.

त्यांनी भज्जी खाल्ली, बोटं चाटली, पुन्हा वाटी पुढं केली. तीही संपवली. मग इकडंतिकडं बघून माझ्या कानाशी लागल्या.

"पर हाताला चव लई हाय तिच्या. मला बी आसली जमली न्हाय कंदी. तिला सांगू नगंस, डोक्यावर बसंल."

"न्हाय सांगत," मीही त्यांच्या कानात म्हणाले.

तेवढ्यात सिद्धाराम आंबिलीचं मडकं घेऊन आले. "आई, भज्जी कशी झालीय?"

"कुणी केली?"

"उमानं."

सासूबाईंनी रिकामी वाटी खाली ठेवली. "मग मीठ कमी आसंल."

मी रडू येईपर्यंत हसले. पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारणार आहे, माणूस दुसऱ्याचं कौतुक मेंदूत कुठं लपवून ठेवतो. बाकीचं आक्रसायचं ते आक्रसू दे, तेवढी जागा सांभाळा म्हणावं.