नुसतं मागून चालणं

वाल्मिक हवालदारांनी आमटीचा भुरका मारला, वाटी खाली ठेवली आणि निकाल दिला.

"मीठ नाही. अदखलपात्र."

"मग घ्या की वरून," म्हणत बायकोने, पंचशीलाने, मिठाची बरणी पुढे सरकवली.

जेसल पार्कातल्या त्या दोन खोल्यांत हा खेळ जुनाच होता. भाईंदरच्या चौकीत गुन्ह्यांची वर्गवारी करून करून हवालदारांच्या जिभेला तेच वळण पडलेलं. चोरी, दरोडा, हाड मोडेपर्यंत मारहाण म्हणजे दखलपात्र. पोलिसांनी लगेच उठायचं. शिवीगाळ, एखादी थप्पड म्हणजे अदखलपात्र. एनसी लिहायची, कोर्टाचा रस्ता दाखवायचा आणि आपण चहा सांगायचा. घरातही तोच कायदा. दूध उतू गेलं, एनसी. लेक संचिता न सांगता मैत्रिणीकडे राहिली, दखलपात्र, पण जामीन मंजूर. लहानपणी पोरगी खदखदून हसायची. आता ती स्टेशनजवळ टायपिंगच्या क्लासला जात होती. परीक्षा तोंडावर आली होती आणि तिच्या जोरावर सरकारी नोकरीची आशा होती.

"पप्पा," तिने भात कालवत विचारलं, "रोज कुणी नुसतं मागून चालत आलं, तर ते कशात येतं?"

"हात लावला?"

"नाही."

"काही बोलला? धमकी?"

"नाही. नुसता चालतो."

"मग कशात येणार, कपाळ!" हवालदार हसले. "ते एनसीतही बसत नाही. रस्ता सरकारचा आहे, कुणीही चालावं."

"बरं," संचिता म्हणाली. हवालदारांना वाटलं, मैत्रिणीचं काहीतरी असेल. त्यांनी ताक मागितलं.

पुढच्या आठवड्यात ते ड्यूटीवरून आले तर टायपिंगची पुस्तकं माळ्यावर गेली होती.

"क्लास सोडला तिने," पंचशीला म्हणाली. "परीक्षेलाही बसत नाही म्हणतेय. कुणी पोरगा मागे येतोय रोज. मी म्हटलं, पप्पांना सांग. तर म्हणाली, विचारलं होतं, ते कशातच बसत नाही."

हवालदार बुटाची नाडी सोडत होते, तसेच वाकलेले राहिले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'उसने कुछ किया क्या? नहीं ना? फिर घर जाओ,' असं सांगून परत धाडलेल्या किती बाया आता आठवायला लागल्या. त्या पोराचा राग आलाच, पण स्वतःचा त्याहून जास्त आला.

"उद्यापासून क्लासला जायचं," ते संचिताला म्हणाले. "मी बघतो त्याला."

"कुठलं कलम लावून?"



दुसऱ्या दिवशी घरात कुणाला न सांगता त्यांनी सुट्टी टाकली. साधा शर्ट, पायात चपला घालून ते क्लासच्या वाटेवर, मिठागराच्या कोपऱ्यावर टपरीमागे उभे राहिले. पोराला रंगेहाथ धरायचं आणि सरळ करायचं, एवढाच बेत. संचिता पुढे गेली. थोडं अंतर ठेवून तेही निघाले.

एका बाजूला मिठागर, दुसऱ्या बाजूला अर्धवट इमारती. दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तो पोरगाही कुठे दिसेना. संचिताने पिशवी छातीशी धरली. ती भरभर चालू लागली, तसे तेही चालले. तिने रस्ता ओलांडला, मागोमाग त्यांनीही ओलांडला. ती वळून बघत नव्हती. तिचे खांदे कानाला लागले होते, आणि उजव्या मुठीत काहीतरी चमकत होतं.

रस्त्यावर दोघांखेरीज कुणीच नाही, हे हवालदारांच्या तेव्हा ध्यानात आलं. चपला वाजत होत्या त्या त्यांच्याच.

"संचिता!"

ती गर्रकन वळली. मुठीत कंपासमधलं कर्कटक होतं, टोक बाहेर. चेहरा पांढराफटक. बाप ओळखायलाही तिला वेळ लागला.

"पप्पा? तुम्ही होतात?"

"मीच," ते म्हणाले. "मीच होतो गं."

ती तिथेच मिठागराच्या बांधावर बसली. हवालदारही शेजारी बसले. तिची मूठ काही सुटेना; त्यांनी एकेक बोट सोडवून कर्कटक आपल्या खिशात ठेवलं. तळव्यावर टोकाचा लाल खड्डा पडला होता.

"चौकीत चल," ते म्हणाले. "तू सांग, मी लिहितो."

"काय लिहिणार? त्याने काहीच केलं नाही ना."

हवालदार तिचा तळवा अंगठ्याने चोळत राहिले.

"आत्ता माझी चप्पल वाजत होती," ते म्हणाले, "तेव्हा तुला काय होत होतं, तिथून सांगायला लाग."