तिसरं पाणी

आदल्या दिवशी काहीच घडलं नाही. श्रावणातलं ऊन गोदावरीवर पडलं होतं आणि पैलतीराच्या बाभळी पाण्यात उभ्याउभ्या झोपल्यासारख्या दिसत होत्या. मी परभणीच्या शाळेतून सुटीला आले होते. वडील, आश्रुबा भोई, सुक्या भोपळ्यांची सांगड बांधत होते. तिच्यावर माणूस बसवून ते पोहत पलीकडं नेत.

पाण्याला पायऱ्या त्यांनीच लावल्या होत्या; आज पाणी कितवं, ते रोज काठावरून सांगत. पहिलं पाणी घागरवाल्या बाईचं, दुसरं बैलाचं, तिसरं सांगडीचं. चौथ्यात ते एकटेच उतरत. पाचवं गंगेचं, म्हणजे गोदावरीचं, तिचं तिलाच.

"म्हशीला इचारून सांगतो का रे पाणी?" घागर भरायला आलेल्या शेजारच्या कस्तुराबाईनं पाण्यात डुंबणाऱ्या म्हशीकडं बघत आबांना टोमणा मारला.

"म्हशीला तरी कळतंय. तुला सांगून काय उपेग?"

मी विचारलं, "आबा, पाणी कालच्याएवढंच हाय. काल चौथं, आज तिसरं कसं?"

त्यांनी काठचा काळा खडक दाखवला. पाण्याच्या वर हातभर ओली पट्टी होती. "मागं ओल ठिवून चाललीय, म्हंजी उतरायलीय. वरचा खडक कोरडा आसंल तर चढायलीय. चढत्या पाण्याला एक पायरी जास्तीची धर." मग बराच वेळ आम्ही दोघं नुसते पाण्याकडं बघत राहिलो. आपणच वाहतोय आणि नदी थांबलीय, असं वाटू लागलं.

दुसऱ्या दिवशी कस्तुराबाईला लेकीच्या बाळंतपणाला पलीकडं जायचं होतं. आबांनी डोळे बारीक करून खडकाकडं पाहिलं. वर्षभर त्यांना धूसर दिसत होतं. हे मला एकटीलाच ठाऊक होतं.

"तिसरं," ते म्हणाले.

खडक पाण्यापर्यंत कोरडा होता. पण काठावर चार माणसं होती. त्यांच्यासमोर बापाचं बोलणं कसं खोडायचं?

मधल्या धारेत सांगड सुटली. कस्तुराबाई एका भोपळ्याला धरून खाली काठाला लागली. आबा तिसऱ्या दिवशी सापडले.

चौदाव्याला माणसं ओसरीवर बसली होती.

"आश्रुबाचं पाणी कदी चुकलं न्हाई," शेजारचा लिंबाजी म्हणाला. "गंगाच फितूर झाली."

मायनं मान हलवली. त्या एका वाक्याला टेकूनच ती बसली होती.

"मीच घाई केली," कस्तुराबाई खाली बघत म्हणाली. सकाळपासून ती एवढंच म्हणत होती. "माझ्यापायी गेला."

"मावशी, तुमच्यापायी न्हाई," मी म्हणाले. "आबाला दिसत नव्हतं. पाणी चढायलं होतं. मला दिसलं, आन मी बोलले न्हाई."