पुलाचं अलीकडचं टोक

सत्यमनं काठी बंदुकीसारखी खांद्याला लावली, एक डोळा मिटला आणि आभाळात फिरणाऱ्या घारीवर नेम धरला.

"आप्पा, सोडू का? शत्रूचं ड्रोन हाय."

"सोड की. पडलं तर भाजून खाऊ," माणिकप्पा म्हणाला आणि लगेच त्यानं जीभ चावली. गळ्यात लिंग असलेला माणूस, घराण्यात कुणी कधी अंडं फोडलं नव्हतं, आणि आज तो घार भाजायच्या गोष्टी करत होता. भूकच तशी लागली होती.

लढाई पेटली होती ती लांब, सरहद्दीवर. किनवटच्या जंगलात तिचा आवाजसुद्धा येत नव्हता. पण वरून हुकूम आला की रेल्वेचे पूल राखा, आणि जळकोटचे हे चार होमगार्ड पुलाच्या अलीकडच्या टोकाला येऊन उभे राहिले. हत्यार म्हणजे काठ्या, शिट्ट्या आणि एक टॉर्च, त्यातही सेल नव्हते. माणिकप्पाचं जळकोटात किराणा दुकान, वर्षाराणी शिलाईकाम करायची, सत्यम भरतीच्या तयारीत पळपळ पळायचा आणि मधल्या वेळेत सगळ्यांना हसवायचा. चौथे अण्णाराव, सगळ्यांचे अण्णा.

डब्याची जीप पलीकडच्या टोकाकडून यायची. पलीकडं दुसऱ्या तालुक्याची तरणीताठी पार्टी. त्यांचं जेवण उरकलं की उरलंसुरलं अलीकडं. काल उरलं होतं ते मोजक्या चपात्या आणि पातेल्याच्या बुडाला लागलेलं वरण. आज तर ऊन डोक्यावर आलं तरी जीपच नाही, आणि फोनला रेंज नाही. मग काय, सकाळपासून मोहीम चालू होती. वर्षाराणीनं टोपी भरून टेंभरं आणली, ती कच्ची निघाली आणि तिघांची तोंडं अशी आवळली की बोलता येईना. सत्यम मोहाची फुलं शोधत लांब गेला आणि हंगाम संपलाय हे कळवायला परत आला.

अण्णा मात्र पुलाच्या कठड्यापाशी ताठ उभे. आयुष्य गेलं त्यांचं बंदोबस्तात. गणपती, उरूस, निवडणूक, दहावीच्या परीक्षेला भिंतीवर चढणारी पोरं उतरवणं, सगळं केलं. पण लढाईची ड्युटी पहिल्यांदाच, आणि रिटायरला आल्यावर! निघायच्या आधी साहेबांनी मैदानात विचारलं होतं, "बीपी, शुगर कुणाला असंल तर आत्ताच बाजूला व्हा. मागून कळलं तर पटावरून नाव जाईल." तेव्हा अण्णा आभाळाकडं बघत होते. शेजारी उभा माणिकप्पा जमिनीकडं बघत होता. कारण अण्णांची शुगरच्या सुईची बाटली त्याच्याच दुकानच्या फ्रीजमध्ये, थंड्याच्या बाटल्यांमागं असायची. अण्णांच्या घरी फ्रीज नव्हता.

"अण्णा," त्यानं आता जवळ जाऊन हळूच विचारलं, "सकाळी सुई घेतली?"

"घेतली की."

"आन पोटात काय न्हाई!"

"जीप येतीय ना. तू हळू बोल."

तेवढ्यात वर्षाराणी ओरडली, "धूर! खाली धूर निघालाय!"

पुलाखालच्या उतारावर एक कुडाचं घर होतं आणि चूल पेटली होती. सकाळी तिथली म्हातारी शेळ्या घेऊन जाताना तेलगूत काहीतरी बोलली होती, तिचं नाव लक्ष्मम्मा, एवढंच त्यांना कळलं होतं.

"तेलगू कुणाला येतंय?" सत्यमनं विचारलं.

"माझं आजोळ कमलनगरचं," माणिकप्पा म्हणाला. "कानडी पक्की येते. कानडी आली की तेलगू आपोआप येतंय, त्यात काय हाय."

"जा तुम्ही तिघं," अण्णा म्हणाले. "पूल रिकामा न्हाई सोडायचा. माझं डब्यात घेऊन या."

लक्ष्मम्मा लई मायेची निघाली. खाकी कपडे बघून तिनं पाणी दिलं, पत्रावळी मांडल्या, वाफाळता भात आणि वरण आणलं. भाताच्या वासानं सत्यमच्या डोळ्यात पाणीच आलं. तिनं प्रत्येकाला एक एक पळी भात वाढला, वर वरण ओतलं. घास पोटात कधी गेला कळलंसुद्धा नाही. ती पळी हातात धरून वाकली आणि तिनं विचारलं,

"चालाऽ?"

"काय म्हणतीय?" वर्षाराणी.

"चालू ठेवू का म्हणतीय," माणिकप्पानं शांतपणे उलगडून सांगितलं.

"चालू! चालू!" तिघं एका सुरात ओरडले. सत्यमनं तर दोन्ही हात वर केले.

लक्ष्मम्मा हसली, तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं आणि पातेलं उचलून आत नेलं.

तिघं वाट बघत बसली. दुसरं पातेलं येतंय असं सत्यम म्हणाला. मग लोणचं आणायला गेली असं वर्षाराणी म्हणाली. मग आतून भांडी घासायचा आवाज आला. पुन्हा मागायची हिंमत होईना. माणिकप्पाच्या दारातून आजवर कुणी उपाशी गेलं नव्हतं, पण दुसऱ्याच्या दारात दुसऱ्यांदा मागणं त्याला कधी जमलंच नव्हतं. तो रिकामा डबा काखेत घेऊन उठला.

चढ चढताना सत्यम कुरकुरला, "आप्पा, चालू म्हणलो आपण. चालू कुठं केलं?"

"आतून बोलावलं असंल कुणी."

"घरात ती एकटीच व्हती!"

वर पोचले तेव्हा मालगाडी चालली होती आणि अण्णा तिला सलाम ठोकत होते. एका डब्याला नाही, प्रत्येक डब्याला. गाडी गेली. मग अण्णा वळले आणि रुळाकडेच्या शेळ्यांना म्हणाले,

"परेड, तेज चल! ए पांढरी, पाय मिळव!"

सत्यम हसून हसून गुडघ्यावर बसला. वर्षाराणीनं तोंडाला रुमाल लावला. माणिकप्पाही हसणारच होता, पण त्याला अण्णांचा शर्ट दिसला. पाठ भिजून गडद झाली होती. ओठ पांढरे. हात थरथरत होते, आणि सलामाचा हात कपाळाला न लागता कानाकडं चालला होता.

"अण्णा, बसा."

"जवान, नाव काय तुझं?" अण्णांनी त्यालाच विचारलं आणि गुडघ्यातून खचले.

माणिकप्पा उतारावरून असा पळाला की एक चप्पल मागंच राहिली. लक्ष्मम्मा अंगणात भांडी घासत होती. तो दारात उभा राहिला, छाती भात्यासारखी हालत होती, आणि साखरेला तेलगूत काय म्हणतात ते काही केल्या आठवेना, आठवेल कसं, माहीतच नव्हतं. त्यानं वर बोट दाखवलं, पडल्याची खूण केली, तोंडाकडं हात नेला. म्हातारी बघतच राहिली. शेवटी त्याच्या तोंडून आईची भाषा निघाली.

"बेल्ल! बेल्ल बेकु, अम्मा! बेल्ल!"

"बेल्लमा?"

ती आत धावली आणि गुळाचं ढेकूळ घेऊन आली. माणिकप्पानं हात पुढं केले, दोन्ही, ओंजळ करून. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

वर्षाराणीनं गूळ पाण्याच्या बाटलीत कालवला. सत्यमनं अण्णांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. आता तो हसत नव्हता, नुसता "अण्णा, ओ अण्णा" करत होता. घोट घोट पाणी गेलं. बऱ्याच वेळानं अण्णांनी डोळे उघडले आणि विचारलं,

"पूल?"

"जाग्यावर हाय," वर्षाराणी म्हणाली. "तुमीच हालला व्हता."

तोवर लक्ष्मम्मा पातेलं डोक्यावर आणि पत्रावळी काखेत घेऊन वर आली. उरलेला सगळा भात होता त्यात. तिनं झाकण काढलं, तिघांकडं बघून रागानं हात नाचवले आणि त्यांची नक्कल केली, "चालू! चालू!" मग तळहात आडवा धरून पानावर झाकला, जसा आपण नको म्हणताना झाकतो.

वर्षाराणी बघत राहिली. "आप्पा... चालू म्हणजे बास."

"बास?"

"बास, बास म्हणून वरडलो आपण! हात वर करून!"

"शिव शिव," माणिकप्पा कपाळाला हात लावून म्हणाला. "कानडीत साकु म्हणतेत की."

अण्णा एवढे हसले की गुळाचं पाणी नाकात गेलं.

आणि नेमकी तेव्हाच जीप आली. डबाही होता आणि पुढच्या सीटवर साहेब होते. अण्णा कठडा धरून उठले, टोपी घातली. साहेब खाली उतरतात न उतरतात तोच लक्ष्मम्मानं हात आडवा पाडून दाखवला, "पडिपोयाडु!"

"कोण पडलं?" साहेबांनी विचारलं.

"मी, साहेब," माणिकप्पा म्हणाला. "ऊन लागलं."

"मी पडलो साहेब, घसरलो," सत्यम त्याच क्षणी म्हणाला.

"मला चक्कर आली," वर्षाराणी म्हणाली.

साहेबांनी तिघांकडं एकेक करून बघितलं.

"तिघंही पडले?"

"हाव साहेब."

"मग पूल कोण राखत होतं?"

"अण्णा, साहेब," तिघं म्हणाले.

अण्णा सावधानमध्ये उभे होते. शर्टातून घाम अजून टिपकत होता. साहेब लक्ष्मम्माकडं वळले आणि स्वच्छ तेलगूत तिच्याशी बोलायला लागले. साहेब देगलूरचे होते, हे चौघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

म्हातारीला बोलायला माणूस मिळाला. तिनं उतार दाखवला, गूळ दाखवला, चप्पल नसलेला माणिकप्पाचा पाय दाखवला. मग हनुवटीनं अण्णांकडं खूण केली आणि बराच वेळ बोलली. माणिकप्पा रुळातली खडी मोजत होता. अण्णांचा हात आपोआप छातीवरच्या बिल्ल्याकडं गेला होता आणि बोटं पिन सैल करत होती, कुणी मागायच्या आत काढून द्यावा तशी.

साहेब परत आले. अण्णांसमोर उभे राहिले. त्यांनी ती सैल झालेली पिन बघितली आणि आपल्या हातानं परत बसवली. मग ड्रायव्हरला म्हणाले,

"उद्यापासून डबा आधी या टोकाला."

"साहेब, पलीकडून रस्ता सरळ पडतो—"

"आधी या टोकाला. पलीकडचे तरणे आहेत, थांबतील." मग अण्णांकडं न बघताच ते म्हणाले, "डबा आला की लगेच जेवायचं. माझी वाट बघायची नाही, गाडीची नाही, कुणाची नाही."

"जी, साहेब."

जीप वळली. अण्णांनी सलाम ठोकला, या वेळी हात बरोबर कपाळाला लागला. जीप झाडीत दिसेनाशी झाली, धूळ खाली बसली, तरी हात तिथंच होता.

वर्षाराणीनं पत्रावळीवर भात वाढला आणि त्यांच्यासमोर धरला.

"अण्णा, हात खाली घ्या आता. जेवायची आर्डर झालीय."