गिरिजाबाईंचं विरजण, मायाक्काच्या कोंबड्या

मी विरजणाची कवडी बोलतेय. चमचाभर आहे म्हणून हसू नका. कोमट दुधात मला सोडा आणि खुशाल झोपा. सकाळी अख्खं गाडगं माझं झालेलं असतं.

अक्कलकोटच्या अलीकडे एका वाडीत, गिरिजाबाईंच्या फडताळात माझं घर. आधी त्यांच्या सासूबाईंनी मला सांभाळलं, मग त्यांनी. त्या लिंगायत, अंड्यालाही शिवायच्या नाहीत. शेजारची मायाक्का धनगराची. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली, तेव्हा नवरा हरिबासोबत ती सांगोल्याकडून इकडे आली. इथे त्यांनी शेड घालून ब्रॉयलर कोंबड्या पाळल्या होत्या. त्या काळी ते मोठं नवलच, लोक बघायला यायचे.

एका उन्हाळ्यात पिल्लांना हगवण लागली. जनावरांच्या डॉक्टरांच्या औषधानं ती थांबली, पण पिल्लं काही केल्या वाढेनात. हरिबा वैतागला. "ही खेप वाया गेली तर शेड मोडतो. जाऊ अकलूजकडं ऊसतोडीला." पुन्हा बिऱ्हाड पाठीवर घेणं मायाक्काला नको होतं.

डॉक्टर म्हणाले, "औषधानं पोटातले चांगले जंतूही मेलेत. ताजं ताक पाजून बघा."

ऐकलंत? चांगले जंतू. म्हणजे मीच की!

मायाक्का लोटाभर दूध घेऊन धावत आली, ती नेमकी दिवेलागणीला.

"गिरिजाक्का, इरजण द्या की वाईच. पिल्लांस्नी ताक पाजायचंय."

"यव्वा! दिवेलागणीला विरजण घराबाहेर देतात व्हय गं?"

मायाक्काचा चेहरा पडला. "कोंबड्यांसाठी द्यायचं न्हाय, असं सरळ सांगा की."

माझा जीव टांगणीला! गिरिजाबाईंनी तिच्या हातातला लोटाच ओढून घेतला. "पोट बिघडल्यावर ताक द्यायचंच, पोट कुणाचंबी असू दे. दूध हितं ठेव. विरजण मी लावते, उजाडल्यावर ने."

शाब्बास बाई! रीतही मोडली नाही आणि पिल्लंही अडली नाहीत.

मी पिल्लांच्या पोटात शिरले आणि ठाण मांडलं. हळूहळू ती दाण्यावर तुटून पडू लागली, अंगानं भरली. डॉक्टर निम्मं श्रेय औषधाला देतात. देईनात का बापडे! सोलापूरचा व्यापारी कोंबडी हातात तोलून खूश झाला आणि हरिबानं शेड मोडायचं पुन्हा नाव काढलं नाही. मायाक्का रोज मला लावू लागली.

पुढे गिरिजाबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. परत येऊन बघतात तर फडताळातलं गाडगं वाळून बुरशी धरलेलं. दूध घेऊन त्या मायाक्काच्या दारात आल्या, कोंबड्यांच्या वासात, चारचौघांदेखत.

मायाक्का दचकली. "अक्का, आमच्या घरचं चालंल तुमास्नी?"

"माझ्या सासूबाईंचं हाय ते. तुझ्याकडं राह्यलंय."

मायाक्का हसली. "पर दिवेलागण झाली की."

गिरिजाबाईंनी दुधाचा लोटा तिच्या हातात दिला. "मग तू लाव. उजाडल्यावर नेते."

मायाक्कानं हात धुतले, बोट बुडवून दूध कोमट आहे का पाहिलं आणि मला त्यात सोडलं. त्या दिवशी मला जे वाटलं ना, ते कुठल्या दुधात कधी वाटलं नव्हतं.

आज मी दोन्ही घरांत आहे, ठणठणीत. तुमच्या दारी कुणी मला मागायला आलं तर नाही म्हणू नका. दिवे लागले असतील, तर त्यांचं दूध तेवढं ठेवून घ्या.