उतारशाळेवाली

आमच्या सुवार्तानं, म्हणजे माझ्या नातीनं, नाताळाचं नाटक टीव्हीवरच्या मालिकेसारखं लिव्हलं आणि त्यातली, वाटसरूंना उतरायला जागा देणाऱ्या उतारशाळेची खाष्ट मालकीण मी झाले. दुसरं कोण होणार? अख्ख्या मंडळीत माझ्याएवढी जीभ कुणाची हाय?

पाळकसाहेब मात्र नाक मुरडून राह्यले. "रूथाबाई, शुभवर्तमानात उतारशाळेवाली बाई कुठंय? टीव्हीवरचा धुरळा चर्चच्या अंगणात कशाला?"

"उतारशाळेत जागा न्हवती, एवढं तर लिव्हलंय ना?" मी म्हणाले. "मंग न्हाई म्हणणारी बाईच असणार. घरात खाटा किती, हे गड्याला कधी ठाऊक असतं का?"

साहेबांनी परवानगी दिली, पण अट घातली. लोक हसले, टिंगल झाली, तर पुढल्या साली परत जुनंच नाटक, आणि सुवार्तानं लिहायचं नाव काढायचं न्हाई. जुनं नाटक म्हणजे चादरी गुंडाळून उभे मेंढपाळ आणि समोर जांभया देणारी माणसं. पोरीचा जीव टांगणीला लागला.

नाताळाच्या संध्याकाळी आमच्या मस्तगडातली अर्धी गल्ली अंगणात लोटली. पुढच्या खुर्चीत साहेब, त्यांच्या मागं चर्चसमोरच्या घरातली उषाबाई. ही उषाबाई रोज माझ्याच घरी बसून मालिका बघते आणि पडद्यावरच्या सासवांना तोंडभर शिव्या देते.

पडदा सरकला. पोटाला उशी बांधलेली, आमच्याच मंडळीतली आकांक्षा मरिया होऊन, योसेफाच्या खांद्यावर भार टाकत आली. मी दारात, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. लाईटवाल्या पप्पूनं माझ्या तोंडावर झोत मारला आणि ढोलकीवर दणके पडले. धाड! धाड! धाड! माझ्याच अंगावर काटा आला.

"जागा न्हाई!" मी कडाडले. "बाळंतपणं करायला दवाखाना उघडलाय का मी?"

मरियानं हात जोडले. "मावशी, कोपऱ्यात पडून राहीन हो."

"कोपरे बी भरलेत. हो बाजूला!" आणि दार असं आपटलं की पुठ्ठ्याची भिंत हलली.

आता पडदा पडून परत उघडायचा आणि गोठा दिसायचा. तेवढ्यात खालून आवाज आला, "अगं ए भवाने!"

उषाबाई! पदर खोचून सरळ स्टेजवर. "दिवस भरलेत पोरीचे, दिसत न्हाई का तुला? काळीज हाय का दगड?"

"उषे, खाली बस. नाटक हाय," मी दातांतल्या दातांत म्हणाले.

"नाटकं तुझी! चल गं बाई, माझ्या घरी चल." तिनं मरियाचा हात धरला आणि चालली बी. योसेफ बिचारा गाठोडं घेऊन मागं.

लोक पोट धरून हसले. सुवार्ता पडद्याआडून धावत आली, माझा पदर धरून रडायला लागली. "आजी, गेलं सगळं."

पाळकसाहेब उठले. ते स्टेजवर चढले, पडद्यामागची गव्हाण गवतासकट उचलून खांद्यावर घेतली आणि वळले. डोळे भरलेले.

"मंडळी, चला," ते म्हणाले. "जागा मिळाली."

मंग काय! मेंढपाळ, देवदूत, ढोलकी, लाईटवाला पप्पू, सगळी जणं गल्ली ओलांडून उषाबाईच्या ओट्यावर. तिनं गोधडी अंथरली, मरियाला पाणी पाजलं. गव्हाणीत बाळ ठेवल्याबरोबर असा काय जयजयकार झाला म्हणता! आमची मंडळी गाऊन राह्यली, शेजारपाजारचे टाळ्या देऊन राह्यले. जांभईचं नाव न्हाई. साहेबांनी सुवार्ताच्या डोक्यावर हात ठेवला. "पुढल्या साली काय लिहिणार, ते आत्ताच सांगून ठेव बाई."

मी बी पायरी चढाया गेले, तर उषाबाई आडवी. "तू कुठं चाललीस? आधी त्या पोरीची माफी माग."

आजवर मी कुणाची माफी मागितली न्हाई, सुनेची तर बिलकुल न्हाई. पण ढोलकी वाजून राह्यली होती, वर ओट्यावर बाळ होतं, आणि मला ते बघायचं होतं.

मागितली.